बुधाजीचे दोनशे तीस व्होल्ट

एका गावात बुधाजी नावाचा एक भोळा गृहस्थ राहायचा. असा एकच होता, म्हणून गाव टिकून होतं. सांगितलेलं तो अगदी तंतोतंत करायचा. त्याच्या बायकोला, यमुनेला, तीच धास्ती होती.

होळी जवळ आली. यमुनेची नणंद यंदा सासरच्या मंडळींना घेऊन पुरणपोळीला येणार होती. पाट्यावर पुरण वाटून दरवर्षी यमुनेचा खांदा धरायचा.

"अहो, यंदा तरी मिक्सर आणा," ती म्हणाली.

बुधाजीने बाजारातून चकचकीत परदेशी मिक्सर आणला. पिन खोचली. फट्ट! घरभर धूर.

"यावर एकशे दहा व्होल्ट लिहिलंय!" यमुना खोकत म्हणाली. "आपल्याकडे दोनशे तीस येतात. यापुढे दोनशे तीस झाल्याशिवाय दुकानातून हलायचं नाही."

"कळलं," बुधाजी म्हणाला. त्याला नेहमीच कळायचं.

पुढे भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं. यमुनेने त्याला सेल आणायला पाठवलं. तो खांद्यावर पोतं घेऊन आला.

"हे काय?"

"सेल. एकेक दीड व्होल्टचाच निघाला. मग दोनशे तीस भरेपर्यंत घेत गेलो. दुकानदार काय खूश झाला! चहासुद्धा पाजला."

"अहो, घड्याळाला एकच लागतो! कळत नसेल तर जाणत्या माणसाला विचारावं. तो सांगेल तसं करावं."

"कळलं."

दुसरा मिक्सर आणायला यमुना स्वतः गेली. दोनशे तीसचा आकडा तिने स्वतः वाचला. आता काही बिघडण्यासारखं उरलं नव्हतं, असं तिला वाटलं. बिचारी.

होळीच्या सकाळी डाळ शिजली, गूळ पडला, मिक्सर लावला. मिक्सर नुसता कण्हत राहिला. तिकडे पाहुण्यांची एसटी यायची वेळ झाली.

"वायरमनला बोलवा, तो म्हणेल तसं करा," एवढं सांगून यमुना स्टँडवर पळाली.

वायरमन हणमंताने प्लगाला व्होल्ट मोजायचा मीटर लावला. "व्होल्टेज पडलंय, बुधाजीराव. वीज खाणारं जेवढं आहे तेवढं आधी काढा. मग बघा आकडा कसा चढतो." मीटर तिथेच ठेवून तो शेजारच्या घरी गेला.

"कळलं," बुधाजी म्हणाला.

यमुना पाहुण्यांना घेऊन दारात आली. पंखा नव्हता. टीव्ही नव्हता. फ्रिजच्या जागी भिंतीवर पांढरा चौकोन होता. मधोमध मीटर धरून बुधाजी घामाघूम, पण हसतमुख उभा होता.

"ये, ये! बघ, पूर्ण दोनशे तीस!"

"वहिनी, दादा सुधारला की! व्होल्टचा आकडाही वाचायला लागला," नणंद म्हणाली.

यमुनेचं लक्ष ओट्याकडे होतं. "अहो, मिक्सर कुठाय?"

"तोच तर सगळ्यात अधाशी! बाकीचं सगळं काढलं तरी आकडा हलेना. शेवटी तोही भंगारवाल्याच्या गाडीत घातला, तेव्हा कुठे व्होल्टेज चढलं. लाव आता तुझं पुरण."