पुलाचा पिवळा पास

“मग लोक ऐकत का नाहीत, आत्या?”

गावंडे साहेबांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला, तेव्हा मैनाआत्या ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

मी बाजूलाच होतो. मास्तरकीतून सुटल्यापासून माझी संध्याकाळ महानुभावांच्या या आश्रमाच्या ओट्यावर जाते. समोर नदी, नदीवर बोरवंडचा जुना पूल. अलीकडे आश्रम, कचेऱ्या, भाजीबाजार. पलीकडे जुनी पेठ, शाळा आणि निम्मं गाव. पूल नसला तर बोरवंडची दोन गावं होतात.

पूल शंभरीला टेकलेला. गेल्या पुरात त्याच्या तिसऱ्या खांबाला भेग पडली. पूल पाडून त्याच जागी नवा बांधायचा, म्हणून सरकारनं शिशिर गावंडे नावाचा तरुण इंजिनिअर पाठवला होता. पोरगा हुशार. आपण हुशार आहोत हे त्याला कोणी सांगायची गरज नसे.

काम दोन वर्षांचं. तेवढे दिवस सगळी ये-जा धरणाच्या रस्त्यानं, बारा किलोमीटरच्या वळशानं. ते गावाला झेपतं का हे पाहायला आधी आठ दिवस पूल बंद ठेवून बघा, असं वरून ठरलं होतं. गाडी नाही, सायकल नाही, पायी माणूससुद्धा नाही.

दोनदा बंद केला. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी लोकांनी लोखंडी अडसर बाजूला सारले आणि पूल पुन्हा सुरू झाला.

उद्यापासून तिसरी खेप. हीही फसली तर काम पुढच्या वर्षावर जाणार होतं. म्हणजे आणखी एक पावसाळा त्याच खांबावर काढायचा.

“मी त्या भेगेत हात घालून पाहिलाय,” गावंडे म्हणाले. “कोपरापर्यंत जातो. आणि त्याच वेळी वरून शाळेची पोरं चाललेली असतात... मला झोप लागत नाही, आत्या.”

हे ते अगदी पोटातून बोलले. त्यांच्याविषयीचं माझं मत त्या दिवशी थोडं बदललं.

आत्यांनी हातातली शेंग खाली ठेवली.

“बंद म्हंजे कसा करतं तू?”

साहेब खुलले. पिशवीतून नकाशा काढून त्यांनी ओट्यावर पसरला. सात रंग, जागोजाग बाण. कुठल्या गाडीनं कुठून वळायचं, सगळं आखलेलं. फलक लावले होते, भोंग्याची रिक्षा फिरवली होती, चौकात पोलीस उभे केले होते.

आत्या वाकून बघू लागल्या. शहात्तर वर्षांच्या तपस्विनी, पोथ्या तोंडपाठ, पण नवीन काही दिसलं की डोळे लहान पोरीसारखे होतात.

“हे निळं काय?”

“धरणाचा रस्ता.”

“अन् हे नाल्यावरचं?”

“रपटा. पुराचं पाणी वरून जातं, तसला बुटका पूल.”

“केवढा रुंद हाय?”

“असेल सहाएक मीटर.”

“असन,” आत्या म्हणाल्या. “अन् या आठ दिवसात पुलावरून कोणालेच जाऊ देत नाही?”

“कोणालाच नाही. फक्त अत्यावश्यक.”

त्यांनी यादी काढली. रुग्णवाहिका, बंब, दुधाची गाडी, गॅसची गाडी. मग नगराध्यक्ष. मग ठाणेदार. दोन डॉक्टर, एक वकील. वकील कशासाठी, हे मला आजवर कळलेलं नाही. एकूण बेचाळीस गाड्या. प्रत्येकीच्या काचेवर पिवळा पास.

“पहिली कोणती?”

“माझी जीप. पाहणीसाठी.”

एक म्हण माझ्या अगदी ओठावर आली होती. पण मी जन्मभर मास्तर राहिलेला माणूस, गप्प बसायला उशिरा का होईना शिकलो आहे.

गावंड्यांनी खिशातून आणखी एक पास काढला. दोन्ही हातांनी, वाकून, आत्यांपुढे धरला.

“हा तुमच्यासाठी. तुम्ही रोज सकाळी भिक्षेला पेठेत जाता. या वयात बारा किलोमीटर कसं जमायचं? हा दाखवा, तुम्हाला कोणी अडवणार नाही.”

आत्यांनी पास सुलटा पाहिला, उलटा पाहिला.

“सई कोणाची?”

“माझी.”

आत्या पुलाकडे बघत राहिल्या...

“हे पाहून पूल मले ओळखन का?”

गावंडे हसले. मग हसायचे थांबले.

“एका माणसाच्या वजनानं पूल पडत नाही, आत्या.”

“मंग बाकीचे काय हत्ती हायेत?”

साहेबांनी नकाशाची घडी घातली. ती नीट बसेना. या गावाला शिस्तच नाही, असं काहीसं पुटपुटत ते उठले, दंडवत केला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी पुलाच्या तोंडाशी होतो. गंमत बघायला निम्मं गाव होतं. साहेबांची जीप आली, चौकीदारानं अडसर उचलला. तेवढ्यात मागून आत्या आल्या, खांद्याला झोळी. चौकीदारानं हात जोडले आणि अडसर तसाच वर धरून ठेवला.

आत्यांनी त्याला “दंडवत, बापू” म्हटलं, आणि डावीकडे वळून धरणाच्या रस्त्याला लागल्या.

पुढचं मला गावंड्यांनीच सांगितलं.

त्यांनी ड्रायव्हरला जीप मागं वळवायला लावली आणि आत्यांना गाठलं.

“आत्या, बसा. पाच मिनिटांत पुलावरून पलीकडे सोडतो.”

“माह्या पायाले काय झालं?”

पुढे जाववेना, मागे फिरायची लाज वाटली. म्हणून साहेबांची जीप त्या बाईच्या चालीनं मागोमाग निघाली. या रस्त्यानं ते पहिल्यांदाच येत होते. मागच्या दोन्ही खेपांना ते पुलावर होते, जीपसकट. नकाशा कचेरीत बसून काढलेला.

पहिले दोन किलोमीटर काही बिघडलं नाही. मग रेल्वेचं फाटक लागलं. बंद. एक मालगाडी गेली. फाटक उघडेना, म्हणून गावंड्यांनी फाटकवाल्याला विचारलं.

“दुसरी यायची हाय.”

“दिवसातून किती वेळा असं होतं?”

“मालगाडी हाय साहेब. तिले का टाइम?”

पाऊण तास गेला. आत्या मैलाच्या दगडावर बसून मालगाडीचे डबे मोजत होत्या. चोपन्न निघाले म्हणे.

पुढे जिनिंग, कापसातली सरकी काढायचा कारखाना. थंडीचे दिवस, कापसाचा हंगाम. दरवाजासमोर कापसानं भरलेल्या गाड्यांची रांग लागलेली, निम्मा रस्ता तिनं खाल्लेला. उरलेल्या निम्म्यात अख्खं बोरवंड अडकलं होतं. जीपही अडकली. साहेब उतरले.

टोपलीत पालक घेऊन एक बाई रिक्षात बसली होती. पालक मान टाकायला लागला होता. साहेबांच्या पायातले बूट बघून तिनं विचारलं,

“काहो, ज्यानं हा रस्ता सांगतला, तो कधी आलता का इथून?”

गावंड्यांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचे कान लाल झाले होते. तिथं ते जीप ड्रायव्हरवर सोपवून आत्यांबरोबर पायी निघाले.

रपट्यावर इकडून एसटी, तिकडून ट्रॅक्टर. समोरासमोर. मागं कोणी सरायचं यावर दोन्हीकडची माणसं खाली उतरून बोलत होती. गावंड्यांनी पावलं टाकून रपटा मोजला. साडेतीन मीटर. पुन्हा मोजला. रपटा काही वाढला नाही.

तिथून पुढे ते प्रत्येकाला विचारू लागले. कुठं निघालात? रोज जाता? किती वाजता? पलीकडे काय काम? नकाशाच्या कोऱ्या बाजूवर लिहीत गेले. आत्या मध्येच थांबून वाट बघायच्या, आणि उत्तर काय आलं ते त्यांनाही ऐकायचं असायचं. पेठेतली सतरा पोरं अलीकडच्या दवाखान्याशेजारी शिकवणीला येतात, हे साहेबांना त्या दिवशी कळलं. शिकवणी घेणारा मास्तर स्वतः पेठेतच राहतो, हेही कळलं.

“मंग तो त्यायले तिकडंच काहून शिकवत नाही?” आत्यांनी विचारलं.

साहेबांनी तेही लिहून घेतलं.

पेठेत पोचायला पाऊण वाजला. साहेबांच्या दोन्ही टाचांना फोड आले होते.

आत्यांचा एक नेम आहे. रोज पाच घरं, आणि धुतलेलं भांडं त्यांच्यासाठी कोणी पुन्हा चुलीवर चढवायचं नाही. एरवी त्या नऊच्या आत पोचतात. आज चार घरांत जेवणं उरकून भांडी पालथी पडली होती.

“थांबा आत्या, एक भाकर टाकते,” बाया म्हणत. “दोन मिनिटं लागतीन.”

“नोको माय,” आत्या म्हणत, आणि पुढचं दार गाठत.

पाचव्या घरी टोपल्यात एक भाकर उरली होती. तिच्यावर हिरव्या मिरचीचा ठेचा घालून घरच्या सुनेनं झोळीत वाढली.

दोघं नदीच्या काठी पायरीवर येऊन बसले. समोर रिकामा पूल. पलीकडे आश्रमाचा ओटा दिसत होता. ओट्यावर आत्यांची वाट बघत मी होतो, एवढ्या लांबून त्यांना दिसलो नसेन.

गावंड्यांनी चौकीदाराला फोन लावला.

“कोणालाही सोडू नका. पास असला तरी... हो, नगराध्यक्षांनाही... जीवावरचा पेशंट असेल तर तेवढीच रुग्णवाहिका... आणि माझी जीप आली, तर तीही नाही.”

फोन ठेवून त्यांनी नकाशाची कोरी बाजू गुडघ्यावर पसरली.

“रेल्वेशी बोलतो. जिनिंगचा मागचा दरवाजा उघडायला लावतो. रपट्याच्या दोन्ही तोंडांना माणसं ठेवतो, आलटून पालटून सोडतील. शिकवणी इकडे आणू... सगळं होण्यासारखं आहे, आत्या. मला आधी दिसायला हवं होतं. माझ्यामुळे आज तुम्ही उपाशी.”

आत्यांनी झोळी उघडली. भाकर काढली आणि सगळीच्या सगळी त्यांच्या हातावर ठेवली.

“आणि तुम्ही?”

“माहं काय. मले आता चालायचं नाही. जिथं दिवस बुडन तिथं बिऱ्हाड.”

गावंडे भाकरीकडे बघत राहिले...

“खाऊन घे, बापू,” आत्या म्हणाल्या. “तुले त्याच रस्त्यानं वापस जायचं हाय.”