तुडतुडा उपाशी मेला

"मग ही पानं पिवळी का पडली?"

कौतिकाबाईंचा प्रश्न हेमराज लांजेवारला झोंबला. "जस्त कमी पडलं असेल, बाई. तुडतुडा माझ्या धानावर जगतच नाही. रोग आणणार कोण?"

कौतिकाबाईंनी उभा जन्म धानाची नवी वाणं काढण्यात घालवला होता. निवृत्तीनंतर त्या साकोलीजवळच्या गावी राहत. हेमराज त्यांच्याच हाताखाली शिकलेला. पानांचा रस पिऊन रोपारोपांत रोग पसरवणाऱ्या तुडतुड्याला, त्या इवल्या किडीला, दाद न देणारं हे वाण त्याने बारा वर्षं खपून तयार केलं होतं. महिनाभरात ते शेतकऱ्यांच्या हाती जायचं होतं.

 बाईंनी जाळीचे दोन पिंजरे मांडले. एकात जुन्या धानाची दहा रोपं, दुसऱ्यात हेमराजच्या धानाची दहा. रोगट रोपाचा रस प्यालेला एकेक तुडतुडा दोन्हींत सोडला.

"बघत बस."

जुन्या धानावरचा तुडतुडा एका पानावर बसला, तो दुपारपर्यंत हलला नाही.

हेमराजच्या धानावरचा मात्र... सोंड टोचायचा आणि उडायचा. दुसऱ्या रोपावर टोचायचा, पुन्हा उडायचा.

तिसऱ्या दिवशी तो मरून पडला.

"बघा! उपाशी मेला!"

"हो," बाई म्हणाल्या. "उपाशीच मेला."

तीन आठवड्यांनी जुन्या धानाचं एक रोप पिवळं पडलं.

हेमराजची सात.

तो पिंजऱ्यापुढे बसून पिवळी रोपं मोजू लागला; उपाशी तुडतुडा टोचून उडाला होता, तीच ही रोपं. बाई आत निघून गेल्या.

वाण वाटपाच्या बैठकीत अध्यक्षांनी कागद त्याच्यापुढे सरकवला. "आपला दावा किडीपुरता आहे. रोगाबद्दल कुणी विचारलेलं नाही. करा सही."

"नाही करणार."

"अहो, बारा वर्षांचं काम आहे तुमचं!"

"माझं आहे, म्हणूनच नाही करणार."

"नोकरी जाईल, लांजेवार."

"जाऊ द्या. हे बियाणं जाणार नाही."

कागद तसाच ठेवून तो उठला. तडक बाईंच्या अंगणात येऊन उभा राहिला.

बाई धान पाखडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"रडायला आलास?"

"नाही. काम मागायला आलो."

सूप थांबलं...

 बाईंनी सरकून त्याला बसायला जागा करून दिली.

"आता असं धान शोध, ज्यावर तुडतुडा एका जागी बसून पोटभर जेवेल."