टिटवीचा प्रबंध

फार पूर्वी, जंगलातही विद्यापीठ होते तेव्हाची ही गोष्ट. टिटवीने डोहाच्या पाण्यावर प्रबंध लिहिला होता. साधे लिहिले तर विद्वान हसतील, या धास्तीने तिने वाक्ये चांगली फुगवली होती.

"सदर जलाशयाच्या सेवनयोग्यतेसंदर्भात प्रतिकूल निष्कर्षांची संभाव्यता नाकारता येत नाही," तिने भर सभेत वाचले.

"वा! काय भारदस्त!" घुबडगुरुजी डुलले, तशी सभाही डुलली. ऐकून ऐकून घसा सुकलेली म्हातारी हत्तीण मात्र उठली आणि कळप घेऊन डोहाकडेच निघाली.

टिटवी प्रबंधासकट उडत तिच्या आडवी आली. "आजी, थांबा! ते पाणी पिऊ नका!"

"का गं बाई?"

"त्यात विषारी फळे पडून सडली आहेत. ते पाणी पिऊन हरणे मेलेली मी पाहिली."

"मग इतका वेळ काय वाचत होतीस?"

टिटवीने प्रबंध चाळला. हरणे त्यात कुठेच नव्हती. तिने पहिले पान फाडले आणि हत्तिणीला सांगितले तसेच नव्या पानावर लिहून गुरुजींपुढे ठेवले.

गुरुजींनी वाचले. त्यात डुलण्यासारखे काहीच नव्हते. ते उठले आणि कळपाला झऱ्याची वाट दाखवायला निघाले.