जिन्यावरचे फाटक

एका गावात एक भोळा बाप होता. नाव भगीरथ. आपण बाप झालो हे त्याला बायकोनं सांगितलं, म्हणून कळलं. बायको कुमुद पतपेढीत नोकरीला. भगीरथ घरी बसून पोरीला सांभाळायचा. शेजारीपाजारी म्हणायचे, पोरगीच त्याला सांभाळते.

घर माडीवर. जिना असा उभा, की उतरताना पाहुणे देवाचं नाव घ्यायचे. चिमी रांगायला लागली आणि जमिनीवर ठेवली रे ठेवली की जिन्याकडे सुटायची. कुमुदच्या जिवाला घोर लागला. एक दिवस कामावर निघताना ती म्हणाली, "अहो, आज काही झालं तरी जिन्यावर फाटक बसवा."

भगीरथ म्हणाला, बसवतो.

गावात फाटकांचं एकच घर. म्हातारे फाटक पोस्टातून रिटायर झालेले. नोकरीतही ते बसूनच असायचे, त्यामुळे कुणी बसायला बोलावलं तर का म्हणून विचारत नसत. भगीरथनं त्यांना हाताला धरून आणलं, वरच्या पायरीवर बसवलं, चहा दिला. फाटक खूश. भगीरथही खूश.

दुपारी कुमुद जेवायला आली तर जिन्यात फाटक. तिनं कपाळाला हात लावला. मग नवऱ्याला समजावलं, की असलं नव्हे, लोखंडाचं, हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते. "आणि जाताना माप घेऊन जा. मापाशिवाय दुकानदार देणार नाही." फाटकांना म्हणाली, "काका, आलाच आहात तर हे येईपर्यंत चिमीकडे बघा." आणि दोन घास खाऊन परत गेली.

भगीरथनं माप घेतलं. लग्नात कुमुदनं उंबऱ्यावर पायानं लवंडलं होतं ना, तेच. तांदळाचं.

दुकानदारानं विचारलं, माप आणलंय का. भगीरथनं पिशवीतून काढून समोर ठेवलं. दुकानदारानं आत डोकावून बघितलं.

"यात मावेल एवढं फाटक नाही आमच्याकडे," तो म्हणाला.

पण धंद्याचा माणूस. त्यानं कमीजास्त करता येणारं फाटक काढलं, आणि म्हणाला, कानात तेल घालून ऐक. भगीरथनं तेल मागितलं. दुकानात मशीनचंच तेल होतं. तेच घातलं.

"फाटक आडव्या गजांचं नको. आडव्यावर पोर चढतं. नुसतं दाबून बसवू नकोस, भिंतीला स्क्रूनं आवळ. आणि बसवलं की नीट बघ, पोर ओलांडून येता कामा नये."

भगीरथ घरी आला तर फाटक आडवे झालेले. घोरत होते. चिमी त्यांच्या पोटावर चढली होती. दुकानदार किती खरं बोलला, ते भगीरथला पटलं.

"काका, उठा. आडवं फाटक चालत नाही."

"अरे, जरा पाठ टेकली."

"आडव्यावर पोर चढतं."

फाटक उठून उभे राहिले. साहेब तपासणीला आले तरी पोस्टात ते इतके ताठ उभे राहिले नव्हते. थोड्या वेळानं पाय दुखायला लागले, म्हणून भगीरथनं खांदे धरून त्यांना दाबून बसवलं. बसवल्यावर आठवलं, नुसतं दाबून चालत नाही. तो ड्रिल मशीन आणि स्क्रू घेऊन आला आणि फाटकांचा कोट चाचपायला लागला.

फाटक भोळे नव्हते, नुसते आळशी होते. म्हणाले, "भगीरथा, आधी ते लोखंडाचं बसव. मी काय, घरचाच आहे."

भगीरथला पटलं. आता भिंतीला भोकं पाडायची म्हणजे खोलीत धुरळा उडणार. म्हणून त्यानं चिमीला पायरीवर बसलेल्या फाटकांच्या मांडीवर दिलं आणि आतून कामाला लागला. खोटं कशाला बोलू, काम फक्कड केलं. फाटक असं बसलं, की बैलानं धडक दिली तरी हलू नये. कडी लावली, हात धुतले आणि आत लोडाला टेकून बसला.

संध्याकाळी कुमुद जिना चढून आली. वरच्या पायरीवर फाटक, पाय अवघडलेले. मांडीवर चिमी, रडून रडून लाल. त्यांच्यामागे नवं कोरं फाटक. फाटकाच्या आत नवरा.

"अहो, फाटक कशासाठी सांगितलं होतं मी?"

भगीरथ म्हणाला, "काळजीच करू नकोस. दुपारपासून रडतेय, पण एकदासुद्धा ओलांडून आत आलेली नाही."

तेव्हापासून कुमुद कामावर जाताना चिमीला फाटकांकडे ठेवते, आणि घराला फाटक लावून जाते. भगीरथ आत सुखरूप असतो.