चौथा फण

फार वर्षांपूर्वी, किती ते कोणी मोजलं नाही, काळ्या मातीच्या एका गावात एक सुतार राहत होता. गावच्या तिफणीची देखभाल त्याच्याकडे होती.

तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार. पुढे बैल ओढतात, मागून चालणारी बाई वरच्या लाकडी वाडग्यात, म्हणजे चाड्यात, मुठीने बी सोडते, आणि ते तीन नळ्यांतून तीन ओळींत पडतं. गावाने तिचा एक नमुना चावडीत टांगून ठेवला होता. कोणीही यावं, सुतळीने माप घ्यावं आणि आपली तिफण बनवावी. परवानगी नको की मोबदला नको. आपल्या घरच्या तिफणीला कोणी शिंगं लावली तरी विचारणारं कोणी नव्हतं. पण चावडीतला नमुना बदलायचा तर अख्ख्या गावाला विचारून, कारण सारी पंचक्रोशी त्यावरून पेरायची.

हा नमुना सुताराच्या आजोबांनी घडवलेला. त्यामुळे सुताराला त्याचा भारी अभिमान, आणि थोडा जास्तच.

एके वर्षी रब्बीच्या तोंडावर गावातला एक बागाईतदार चावडीत आला. त्याच्यासोबत चार फणांचं अवजार होतं.

"जमिनीतली ओल चार दिवसांत उडून जाते आणि निम्मी पेरणी राहते," तो म्हणाला. "चौथा फण लावला की काम लवकर उरकतं. नमुना बदला."

लोकांना पटलं. हात भराभर वर गेले. फक्त मागे बसलेली एक बाई म्हणाली, "माझं नाही." ती दुसऱ्यांच्या शेतात चाड्यावर मूठ धरून पोट भरायची.

"आक्का, बैल ओढणार, तुला काय भार?" कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. सुतार हात मोजता मोजता थांबला.

बागाईतदार मात्र चिडला. "एका बाईसाठी अडत असेल तर राहू द्या. मी माझा नमुना माझ्या ओट्यावर टांगतो. यायचं त्यांनी तिकडे या." निम्मा गाव उठायच्या बेतात आला.

सुताराने हात वर करून लोकांना थांबवलं. एका गावात दोन नमुने झाले, तर मोडलेला फण कोण कुणाला दुरुस्त करून देणार? आणि खरं सांगायचं तर त्याला चौथा फण मुळीच नको होता. आक्काच्या 'नाही'च्या आडून तो मोडीत काढणं फार सोपं होतं. पण मग ते आजोबांच्या नावासाठी होईल, गावासाठी नाही. त्याची त्यालाच लाज वाटली.

"आक्का, का नाही ते सांग," तो म्हणाला.

"सुतारदादा, पावलागणिक तीन ओळींचं बी सोडायची माझ्या हाताला सवय. चौथ्या नळीला हात पुरायचा नाही."

"बरं. बागाईतदार, यंदा तुमच्या एका तुकड्यात चार फणांनी पेरा. मूठ आक्का धरेल. उगवलं की बोलू."

"आणि हिने मुद्दाम वाईट पेरलं तर?"

"मी नको म्हणते म्हणून हातचं राखून पेरणार नाही," आक्का शांतपणे म्हणाली.

आठ दिवसांनी ज्वारी उगवली. तीन ओळी भरघोस, चौथी मात्र टकलावर उरलेल्या केसांसारखी. बागाईतदाराचा विश्वास बसेना. शेजारच्या पट्ट्याला विहिरीचं पाणी देऊन त्याने तिथे स्वतः मूठ धरून पेरून पाहिलं. पुढच्या आठवड्यात तिथे तर दोन ओळी गायब! गावाने हसून घेतलं, तोही ओशाळून हसला.

"आक्का, तू पेरलंस ते बरंच म्हणायचं," तो म्हणाला. "मग माझा फण गेलाच का?"

"गेला कशाला? चाडं तीन फणांचं ठेवून चौथा लावलात, तिथे चुकलं. चाड्याचं तोंड रुंद करा आणि मधे उंचवटा ठेवा, म्हणजे बी आपोआप चारी नळ्यांत वाटलं जाईल. आणि ज्याचे बैल अशक्त आहेत, त्याला तो फण काढून ठेवता आला पाहिजे."

सुताराने चार दिवस बसून नवं चाडं कोरलं. ते बसवायला आजोबांच्या नमुन्यावर पहिली पटाशी चालवताना त्याचे डोळे भरून आले, पण हात थांबला नाही. चौथा फण पाचरीवर बसवला, हवा तेव्हा ठोकावा, नको तेव्हा काढावा. तो मोडला तर दुरुस्तीचं काम बागाईतदाराने आपणहून अंगावर घेतलं. मग आक्काने पेरून पाहिलं आणि "आता माझं हो," म्हणाली. त्या दिवशी नवा नमुना चावडीत चढला.

पुढच्या वर्षी कोणीतरी पेरणीआधी रान भुसभुशीत करणाऱ्या कुळवाची नवी कल्पना घेऊन आलं. पुन्हा भराभर हात वर गेले. सुताराने मोजायला सुरुवात केली, तेवढ्यात बागाईतदार उठला.

"हात नंतर मोजा," तो म्हणाला. "आधी ज्याचं 'नाही' असेल, त्याला पुढे बसायला जागा द्या."

तात्पर्य: सगळ्यांच्या वस्तूत बदल करताना किती जण 'हो' म्हणाले एवढंच पाहू नये, 'नाही' म्हणणाऱ्याला 'का' म्हणून विचारावं, आणि त्याचं खरं असेल तेवढं कामात घ्यावं.