पायधोंड्याचा सवाल

अहो, त्या धोंड्यावर बसू नका. फोटो काढा, हात लावा, पण बसू नका. आंबेटीचा घाट चढणारं प्रत्येक घोडं इथं थांबतं, या धोंड्यापाशी त्याचे चारही पाय उचलून बघतात, मगच ते वर जातं. म्हणून याला पायधोंडा म्हणतात.

ही रीत एका नालबंदानं घालून दिली, असं सांगतात. त्याचं नाव इमामखान. हात असा सफाईदार, की त्याचा नाल झिजेल पण हलणार नाही, अशी ख्याती होती. आणि ख्याती माणसाला कुठं नेते ते तुम्हाला माहीत आहेच.

एके दिवशी तो चांदी नावाच्या घोडीला नाल ठोकत होता. मागचा डावा पाय शेवटचा. त्या नालात दोनच खिळे गेले असतील, तेवढ्यात घाटमाथ्यावरच्या वाडीतून त्याचा जावई धापा टाकत आला. इमामखानाची लेक जैबून दोन दिवस अडली होती. मूल आडवं होतं. खालच्या गावची तुळसाक्का सुईण वेळेत पोचली तरच दोन जीव वाचणार होते.

इमामखान हातोडी टाकून तुळसाक्काला आणायला पळाला. परत आला तेव्हा त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तरी सवयीनं त्यानं घोडीचे तीन पाय उचलले, खुरात खडा आहे का पाहिलं, नाल दाबून पाहिले. चौथ्याला हात घातलाच नाही.

"त्यो ऱ्हायला की," तुळसाक्का म्हणाली.

"त्यो आत्ताच माज्या हातनं झालाय. त्यो काय बघायचा? निघा."

तुळसाक्काला घोडीवर बसवून जावयानं लगाम धरला आणि घोडी घाटाला लागली. इमामखान हत्यारं आवरायला वळला, तर ऐरणीवर चार खिळे तसेच पडलेले. चौथा नाल दोनच खिळ्यांवर गेला होता.

ते दोघं एव्हाना पहिल्या वळणावर पोचले होते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण चांदी बुजरी. दरीच्या कडेला ओरडणं म्हणजे आपल्याच हातानं तिला ढकलणं. वर चिंचोळीचं वळण होतं. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. नालबंद पाण्याच्या घळीतून सरळ वर चढू लागला. गुडघे फुटले, नखं उलली, पण तोंडातून शब्द काढला नाही. वरून नालाचा आवाज येत होता. तीन टापा ठाम, चौथी खळखळणारी.

तो वळणावर आला तेव्हा घोडी ऐन कडेवर होती. त्याच्या डोळ्यांदेखत नाल फिरला आणि मागचा पाय गुळगुळीत कातळावरून दरीकडे घसरू लागला. इमामखान पालथा पडला आणि त्यानं आपला उजवा पंजा खुराखाली घातला. सुईणीसकट घोडीचा सगळा भार त्या पंजावर आला. तो तेव्हाही ओरडला नाही म्हणे. घोडीला आधार सापडला, तिनं अंग सावरलं आणि ती वळण पार करून गेली.

तुळसाक्कानं मागं पाहिलं. "इमामभाई, तुमचा हात..."

"हाताचं मागनं बघू," तो पुटपुटला. "पोरीकडं जावा."

सांजेच्या आत जैबून सुटली. बाळ-बाळंतीण दोघं वाचली. पंजा मात्र पुन्हा मिटला नाही. लोक दोष घोडीला द्यायला निघाले, कुणी जावयाच्या घाईला. इमामखानानंच सगळ्यांना गप्प केलं. नाल माझा होता, म्हणाला. त्याला हातोडी धरता येईना, म्हणून तो रोज या धोंड्यापाशी येऊन बसे आणि वर जाणाऱ्या प्रत्येकाला अडवून एकच सवाल करी.

आजही तोच सवाल करतात. वरातीचा घोडा असो की सामानाचा, मालकाला विचारतात, "कुठल्या पायाची खात्री आहे?" मालक बोट दाखवतो. आणि इथला माणूस तोच पाय पहिला उचलतो.

मी चाळीस वर्षं घोडी राखतोय. सकाळी मलाही विचारलं. दर वेळी राग येतो हो. आणि दर वेळी मी बोट दाखवतो.