ढालींतला उंबरठा

देव अजून पायी फिरत होते, तेव्हाची ही गोष्ट. दिग्मर्दन नावाचा विजयाचा देव होता. त्याला फूल नको, नैवेद्य नको. हरलेल्यांच्या ढाली देवळाच्या पायऱ्या म्हणून बसवायच्या आणि भक्तांनी त्यांवर टाच आपटत वर चढायचं, एवढीच त्याची पूजा. टाच आपटली की देव वीतभर वाढायचा.

यंदा जिंकलेल्या आंबोटी गावात ढालच सापडली नाही. पुजाऱ्यानं एका घराचा उंबरठा उपटून आणला आणि सगळ्यात वरची पायरी केली. त्याच्यावरचं हळदकुंकू अजून ओलं होतं.

"मुकाट्यानं सोस," खालची ढाल म्हणाली. "आम्हीही सोसतो."

"मी नाही सोसणार," उंबरठा म्हणाला. "आजवर माझ्यावर कुणी पाय दिलेला नाही."

उत्सव सुरू झाला. सेनापतीची बायको ढालींवर टाचा आपटत वर आली आणि उंबरठा अलगद ओलांडून गेली. मागच्या सैनिकांनीही तेच केलं.

पुजारी ओरडला, "अरे, आपटा की टाच!"

"उंबरठ्यावर?" एक म्हातारा सैनिक कानाला हात लावत म्हणाला. "भलतंच काय सांगता!"

दिग्मर्दन संतापून आसनावरून उठला. दाणदाण पावलं टाकत दारापाशी आला आणि त्यानं पाय उचलला.

"दे ना," उंबरठा म्हणाला. "मी इथंच आहे."

पाय हवेतच थांबला. लहानपणी त्यालाही आईनं त्याच गोष्टीसाठी धपाटा घातला होता.